सोडलेला दावा आणि मागे राहिलेला खर्च

कायद्याच्या दृष्टीने दावा हीदेखील एक मालमत्ता असते. घर, शेत, गुदामातला माल यांच्याप्रमाणेच दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम आणि ती वसूल करण्यासाठी दाखल केलेला दावा यांनाही किंमत असते. मात्र शेत काही काळ पडीक ठेवता येते, तसा दावा ठेवता येत नाही, कारण तो चालू आहे तोवर दर तारखेला पैसा मागतो आणि हरल्यास समोरच्याचा खर्चही अंगावर आणतो. एखाद्याचे दिवाळे निघून त्याची मालमत्ता धनकोंच्या वतीने दुसऱ्या माणसाच्या ताब्यात जाते, तेव्हा हा दावाही त्या माणसाकडे जातो. तो लढवायचा की सोडून द्यायचा, हे त्याला ठरवावे लागते. त्याने तो सोडला, तर तोपर्यंत प्रतिवादीला झालेला खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न उरतो. दिवाळखोराकडे पैसा नाही, दावा सोडणारा म्हणतो की तो मी लावलेलाच नाही, आणि प्रतिवादी म्हणतो की मला कोर्टात ओढले कोणी.

या प्रश्नाचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यापुरते शोधायचे तरी आधी कोणता कायदा लागू आहे हे पाहावे लागते, कारण येथे समजुतीचा घोटाळा फार आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली आणि तिने जुने सर्व कायदे पुसून टाकले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्या संहितेचा व्यक्ती आणि भागीदारी संस्थांविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अंमलात आला. इतरांनी जुन्या कायद्यांखालीच दाद मागावी, असा खुलासा केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये केला होता. म्हणून मुंबई शहरातल्या दिवाळखोराला १९०९ चा इलाखा शहरांचा कायदा लागू होतो, आणि नगर, संगमनेर, श्रीरामपूर किंवा कोपरगाव येथील व्यापाऱ्याला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. या अधिनियमाने मुळात अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा पाचशे रुपये ठेवली होती. आज क्विंटलभर कांद्यालाही पुष्कळदा याहून अधिक भाव मिळतो, यावरून कायद्याचे वय कळते.

या अधिनियमाखाली जिल्हा न्यायालय एखाद्यास नादार ठरवते, तेव्हा कलम २८ नुसार त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे निहित होते, म्हणजे तिची मालकीच बदलते. रिसीव्हर म्हणजे मालमत्ता गोळा करून, विकून, येईल तो पैसा धनकोंना प्रमाणात वाटून देण्यासाठी नेमलेला माणूस. इंग्लंडमध्ये त्याला दिवाळखोरीचा विश्वस्त म्हणतात आणि आपल्या नव्या संहितेनेही तोच शब्द घेतला आहे. मालमत्तेबरोबर दिवाळखोराची येणी आणि त्यांच्या वसुलीचे प्रलंबित दावेही रिसीव्हरकडे जातात. बदनामीची किंवा शरीराला झालेल्या इजेची भरपाई मागणारा दावा मात्र त्या माणसाच्या देहाशी व अब्रूशी निगडित असल्याने त्याच्याकडेच राहतो.

पुढचा भाग उदाहरणावाचून नीट कळत नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, नेप्ती उपबाजारातल्या एका आडत्याने बेंगळुरूच्या व्यापाऱ्याला कांद्याच्या गाड्या पाठवल्या, माल कुजका निघाला असे सांगून व्यापाऱ्याने २,७५,००० रुपये अडकवले, आणि आडत्याने बिल्ट्या व वजनकाट्याच्या पावत्या जोडून नगरच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावला. (रक्कम तीन लाखांच्या आत घेतली आहे, कारण व्यापारी स्वरूपाचा वाद तीन लाखांवर गेला की २०१५ चा वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा लागू होतो आणि खर्चाचे नियमही बदलतात.) प्रतिवादीने वकील दिला, कैफियत दाखल झाली, मुद्दे निघाले, वादीचा उलटतपास अर्ध्यावर आला, आणि तेवढ्यात शेतकऱ्यांच्या थकलेल्या पट्ट्यांपायी आडत्याच नादार ठरला. पुढच्या तारखेला पुकारा झाल्यावर वादीचे वकील पुरसीस देतात, म्हणजे न्यायालयाला वस्तुस्थिती कळवणारे छोटे लेखी निवेदन देतात, की वादी नादार घोषित झाला असून दावा पुढे चालवण्याचा अधिकार आता रिसीव्हरकडे गेला आहे. प्रतिवादीचा वकील मागच्या बाकावरून उठतो आणि पहिला प्रश्न खर्चाचाच काढतो.

या क्षणी लागू होणारा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे: आदेश २२, नियम ८. वादी नादार झाला म्हणून दावा आपोआप संपत नाही. धनकोंच्या हितासाठी रिसीव्हर तो पुढे चालवू शकतो. मात्र रिसीव्हरने दावा चालवण्यास नकार दिला, किंवा न्यायालयाने दिलेल्या मुदतीत त्या दाव्याच्या खर्चासाठी तारण दिले नाही, तर दाव्याचे हे संरक्षण जाते. खास कारण असेल तर न्यायालय तारणाची अट शिथिल करू शकते. नियमाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. रिसीव्हरने मुदतीत दावा चालवला नाही व तारण दिले नाही, तर प्रतिवादी वादीच्या नादारीच्या कारणावरून दावा फेटाळण्याचा अर्ज करू शकतो. न्यायालय दावा फेटाळून प्रतिवादीला बचावासाठी झालेला खर्च मंजूर करू शकते. पण हा खर्च वादीच्या मालमत्तेविरुद्ध कर्ज म्हणून शाबीत करायचा असतो.

‘कर्ज म्हणून शाबीत करायचा’ या शब्दांत सगळे उत्तर आहे. साधा वादी आपला दावा अर्ध्यावर सोडतो, तेव्हा आदेश २३, नियम १ नुसार न्यायालय ठरवील तो खर्च त्याला स्वतःला द्यावा लागतो आणि त्याच कारणावर पुन्हा दावा करता येत नाही. रिसीव्हरने दावा सोडला, तर खर्चाचा हुकूम रिसीव्हरच्या खिशावर होत नाही, आणि मालमत्तेतून आधी भागवायच्या प्रशासकीय खर्चातही तो जात नाही. प्रतिवादी शेतकरी, हमाल, वाहतूकदार आणि बँक यांच्याबरोबर रांगेत उभा राहतो. आपल्या उदाहरणात बेंगळुरूच्या व्यापाऱ्याने वकिलाची फी, प्रवास, साक्षीदारांचा भत्ता मिळून खरोखरी साठ हजार रुपये खर्चले असे धरू. न्यायालयाच्या खर्चाच्या तक्त्यात त्यातले पंचवीस हजारच बसले, आणि रिसीव्हरने सगळे विकून धनकोंना रुपयामागे दहा पैसे दिले, तर व्यापाऱ्याच्या हाती अडीच हजार पडतात. जिंकूनही सत्तावन्न हजार पाचशे गेले.

हा अन्याय दिवाळखोरीमुळेच होतो असे मानणे मात्र बरोबर नाही. आपल्याकडे जिंकणाऱ्या पक्षाला खरा खर्च सहसा मिळतच नाही. खोट्या वा त्रासदायक दाव्यासाठी कलम ३५अ खाली देता येणाऱ्या भरपाईचीही कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सुमारे ४५ लाखांचा खर्च मंजूर केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो रद्द केला आणि खर्चाचे दर वास्तवाला धरून असावेत अशी सूचना करतानाच, नियम बदलल्याशिवाय न्यायालयाला त्यांच्या पलीकडे जाता येत नाही, अशी भूमिका घेतली. जेथे हुकूमनाम्यातला खर्चच नाममात्र, तेथे त्याचा दहावा हिस्सा मिळाला काय आणि न मिळाला काय.

म्हणूनच प्रतिवादीचे खरे हत्यार अखेरचा खर्चाचा हुकूम नव्हे, तर त्याआधीचा तारणाचा अर्ज होय. रिसीव्हर दावा हाती घेतो त्याच वेळी प्रतिवादीने तारण मागितले, तर दोनच गोष्टी संभवतात: रिसीव्हर तारण ठेवतो, आणि मग हरल्यास प्रतिवादीला रांगेत उभे राहण्याची गरज उरत नाही, किंवा रिसीव्हर मागे हटतो, आणि दावा तिथेच संपतो. खर्चाची जबाबदारी दावा सोडताना ठरत नसून तो उचलताना ठरते, हे ज्या प्रतिवादीला वेळेवर कळत नाही, तो पुढे दोन-तीन वर्षे तारखांना येत राहतो आणि शेवटी अडीच हजारांवर येऊन थांबतो.

रिसीव्हरच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कलम ५९ नुसार त्याला दावा लावण्यास, लढवण्यास, पुढे चालवण्यास किंवा त्यात तडजोड करण्यास न्यायालयाची परवानगी लागते, आणि वकिलाची फी द्यायची ती धनकोंच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या पैशातूनच. बिल्ट्या पुसट झालेल्या, हुंडेकरी सापडत नाही, कांदा कुजका होता की नव्हता हे सांगणारा हमाल गावी निघून गेलेला, अशा स्थितीत २,७५,००० च्या मागे लागून चाळीस हजार घालवणे शहाणपणाचे नसते. दावा सोडणे हा नेहमीच आळस नसतो. उलट, नुसत्या आशेवर दावा रेटत नेऊन मालमत्ता वकिलांच्या फीत जिरवणारा रिसीव्हर अधिक घातक ठरतो. त्याच्या जाणूनबुजून केलेल्या कसुरीमुळे किंवा घोर निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर कलम ५६ प्रमाणे त्याची स्वतःची मालमत्ता जप्त करून ते भरून घेता येते.

धनकोंना रिसीव्हरचा नकार पटला नाही, तर त्यांचे हात बांधलेले नसतात. कलम ६८ खाली रिसीव्हरच्या कोणत्याही कृतीने वा निर्णयाने नाराज झालेला माणूस एकवीस दिवसांत न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. दिवाळे निघण्याआधी दोन वर्षांच्या आत मोबदल्याविना केलेले हस्तांतरण, म्हणजे आपल्याकडच्या सर्वपरिचित रीतीने मेव्हण्याच्या नावे करून दिलेली जमीन, रद्द करून घ्यायची असेल, तर कलम ५४अ विशेष उपयोगी पडते. रिसीव्हरला विनंती करूनही त्याने नकार दिला, असे न्यायालयाला पटवून दिल्यास कर्ज शाबीत केलेला धनको न्यायालयाच्या परवानगीने स्वतः अर्ज करू शकतो. जमीन परत आली तर ती सगळ्या धनकोंची, पण अर्ज फेटाळला गेला तर खर्चाचा हुकूम होतो तो अर्जदारावर. त्यामुळे हे कलम वापरणारा धनको बहुधा मोठ्या रकमेचाच असतो. शे-दोनशे शेतकऱ्यांनी वर्गणी काढून एकाला पुढे करणे कायद्याला मान्य असले, तरी वर्गणीचा हिशेब ठेवणारा कोण, यावरच ते बहुतेक वेळा अडते.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या टोकाने उभा राहिला. तेथील जुना नियम असा, की विश्वस्ताने चालू दावा स्वतःचा म्हणून उचलला, तर त्याने उचलण्यापूर्वी झालेल्या खर्चाचीही जबाबदारी त्याच्यावर येते, आणि ती वैयक्तिक असते. मालमत्तेतून भरून घेता आले तर घ्यावे, नाहीतर पदरचे घालावे. २०१५ साली बीपीई सॉलिसिटर्स या वकील संस्थेविरुद्धच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला मर्यादा घातली. दोन लाख पौंड कर्जाऊ देऊन बसलेल्या वादीने वकिलांच्या निष्काळजीपणाबद्दल मूळ दावा जिंकला होता, परंतु अपील न्यायालयात त्याच्या हाती दोन पौंड नाममात्र भरपाई उरली आणि खर्चाचा बोजा उलटला. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मिळाल्यावर तो दिवाळखोर झाला. त्याच्या विश्वस्ताने अपील उचलण्याआधीच न्यायालयाला विचारले, की मी हरलो तर खालच्या दोन न्यायालयांतला खर्चही मला भरावा लागेल काय. लॉर्ड सम्प्शन यांनी उत्तर दिले, की अपील ही वेगळी पायरी असून, ते उचलले म्हणून आधीच्या पायऱ्यांचा खर्च आपोआप विश्वस्ताच्या माथी येत नाही. विश्वस्ताने अपील चालवले आणि २०१७ साली तो हरला. ऑस्ट्रेलियात तर विश्वस्ताला ताटकळत बसण्याचीही मुभा नाही. प्रतिवादीने नोटीस दिल्यावर अठ्ठावीस दिवसांत त्याने होकार दिला नाही, तर दावा सोडला असेच कायदा धरून चालतो. आपल्या नियम ८ मध्ये असा ठराविक आकडा नाही, मुदत न्यायालय ठरवील ती. आणि आपल्या न्यायालयांतल्या तारखांचा वेग पाहता ऑस्ट्रेलियाचा आकडाच अधिक उपकारक वाटतो.

नगर जिल्ह्यात दिवाळखोरीचा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे जुना आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत, ज्यांची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी झाली (पारनेर तालुक्यातल्या सुपे गावाशी त्याची गल्लत नेहमी होते), लोण नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोहोचले आणि सावकारांकडची खतपत्रे जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते, आणि त्याची रचना आजच्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षणीय आहे: रिसीव्हर म्हणून कोर्टाच्या नाझरालाच नेमण्याची व्यवस्था होती, आणि शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता रिसीव्हरकडे निहित होत नव्हती, फक्त काही मुदतीपर्यंत धनकोंच्या हितासाठी तिची व्यवस्था पाहता येत होती. शेतकऱ्याच्या हातातला सर्वांत मोलाचा दावा म्हणजे गहाण जमीन सोडवून घेण्याचा आणि सावकाराकडून हिशेब मागण्याचा. जमिनीची मालकीच परक्या हाती जात नसल्यामुळे, तो दावा दुसऱ्या कोणी सोडून देण्याचा धोकाही तेथे कमी होता. पुढे १९२० च्या सर्वसाधारण अधिनियमात हा बारकावा टिकला नाही.

आज या जिल्ह्यात हा विषय लोकांच्या कानावर येतो तो रिसीव्हर या शब्दाने नव्हे, तर अवसायक या शब्दाने. सहकाराच्या या भूमीत, जेथे प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, संस्था बुडते तेव्हा तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी म्हणजे अवसायक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०५ प्रमाणे त्याला संस्थेच्या वतीने दावे लावण्याचा व लढवण्याचा अधिकार आहे. शिवाय अवसायनाचा खर्च कोणी व कोणत्या प्रमाणात सोसायचा, आणि सभासद व माजी सभासदांनी मालमत्तेत किती भर घालायची, हेही तो ठरवू शकतो. रिसीव्हरला हा दुसरा अधिकार नाही. थकीत कर्जदारासाठी अवसायकाला दिवाणी दाव्याची वाटही सहसा धरावी लागत नाही. कलम १०१ खालचा वसुली दाखला, ज्याला पतसंस्थांच्या कचेऱ्यांत ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात, आणि सहकार न्यायालय यांवर त्याचे काम चालते. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला; बहुराज्य संस्था असल्याने तिचा अवसायक नेमण्याचा अधिकार केंद्रीय निबंधकांकडे गेला. अशा बँकेच्या प्रत्येक ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि ती रक्कम महामंडळ पुढे अवसायकाच्या वसुलीतून परत घेते. त्यामुळे ज्याची ठेव पाच लाखांच्या वर आहे, त्याची स्थिती विचित्र होते: अवसायकाने एखादा वादग्रस्त दावा लढवला तर खर्च त्याच्याच वाट्यातून निघतो, आणि सोडला तर वसूल होऊ शकणारी रक्कमही त्याचीच जाते. निर्णय मात्र त्याच्या हातात नसतो.

दावा सोडण्याला अलीकडे एक पर्याय निघाला आहे, तो म्हणजे दावा विकणे. नादारी व दिवाळखोरी संहितेखालच्या अवसायन विनियमांत नोव्हेंबर २०२० मध्ये ३७अ हा विनियम घालण्यात आला, आणि त्यानुसार कंपनीचा अवसायक सहजी वसूल न होणारी मालमत्ता, वादग्रस्त येणी आणि संशयास्पद व्यवहार रद्द करून घेण्याच्या कारवायांसह, हितसंबंधितांच्या समितीशी सल्लामसलत करून दुसऱ्याला हस्तांतरित करू शकतो. विकत घेणारा मग स्वतःच्या पैशाने लढतो. जिल्ह्यातल्या साध्या व्यापाऱ्याला हा विनियम लागू नाही. परंतु दाव्यात पैसा घालून त्यातला हिस्सा मागणारे लोक त्याच्याभोवतीही असतात, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आदेश २५ ला जोडलेली एक जुनी राज्य दुरुस्ती आहे. दाव्याला पैसा पुरवण्याच्या बदल्यात वादातल्या मालमत्तेचा हिस्सा घेणाऱ्या तिऱ्हाइताला न्यायालय त्याच्या संमतीने वादी करू शकते आणि खर्चाचे तारण ठेवायला सांगू शकते. तो वादी व्हायला तयार नसेल, तर त्याला प्रतिवादी म्हणून आणून तारण मागता येते. हे तारण प्रतिवादीला पुढे होणाऱ्या खर्चापुरतेच नसते, तर तोपर्यंत झालेल्या खर्चासाठीही असते.